माझी पिवळी चिठ्ठी

लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली की खोटं बोलायला लागते. मुद्दाम नाही, आपल्यात किती दम उरलाय ते तिचं तिलाच कळत नाही. चाळीस टक्के दाखवते आणि पुढच्या मिनिटाला स्क्रीन काळी. मग गिऱ्हाईक जिना चढून वर येतं आणि म्हणतं, "ताई, आत्ता तर चाळीस होते!" नागपुरात, बर्डीच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दुकानात बसून हे वाक्य मी वीस-बावीस वर्षं ऐकलं. अजूनही ऐकते, गुडघ्यांनी संप पुकारलाय म्हणून आता फक्त दुपारी चार तास.

या अंकाच्या संपादकबाईंनी "गमतीदार गिऱ्हाइकांवर लिहा" असं सांगितलंय. गमती सांगते, पण दोनच. मला खरं तर दुसरंच सांगायचंय आणि ते लिहायला बसले की हात जड होतो.

मी या धंद्यात कशी आले याचं पुराण लावत नाही. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही शिकले, पुढे टीव्ही बिघडेनासे झाले आणि लॅपटॉप बिघडायला लागले, इतकंच. सुरुवातीला लोक दारातून डोकावून विचारायचे, "मेकॅनिक कुठं गेले?" मी म्हणायचे, "जेवायला गेलेत. तोवर मी पाहते." मशीन सुरू झालं की त्यांना कळायचं, मेकॅनिकचं जेवण कधीचंच झालंय.

आता जरा धंद्याची गोष्ट. बॅटरीच्या पोटात एक बारीकशी पट्टी असते. आत किती वीज गेली, बाहेर किती आली, हे ती मोजत असते. तीन-चार वर्षांत सेल थकतात, पण पट्टीच्या डोक्यात जुनाच आकडा बसलेला असतो. म्हणून ती चाळीस सांगते तेव्हा खरं पोट रिकामं असतं. अशा वेळी बॅटरी एकदा काठोकाठ भरायची, एकदा तळापर्यंत संपवायची आणि पुन्हा भरायची. तळ कुठे आणि काठ कुठे हे पट्टीला नव्याने समजतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. मी गिऱ्हाइकाला सांगायचे, "बॅटरीला तिचं खरं वय कळवायचं." बॅटरी त्याने तरुण होत नाही, फक्त खोटं बोलायची थांबते.

या कामाला अख्खा दिवस जातो आणि हात काहीच लावावा लागत नाही. म्हणून मी ते घरीच करायला सांगायचे. दर वेळी तेच ते बोलून घसा कोरडा पडायचा, तेव्हा एक चिठ्ठी छापून घेतली. खालच्या झेरॉक्सवाल्याकडे पिवळा कागद पडून होता, म्हणून पिवळी. त्यावर लिहिलं होतं: पूर्ण चार्ज करा. तसाच दोन तास चार्जरवर ठेवा. मग चार्जर काढून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. चार-पाच तास तसाच राहू द्या. मग मध्ये न काढता पुन्हा पूर्ण चार्ज करा. खाली दुकानाचा शिक्का. या चिठ्ठीचा मला फार अभिमान होता.

गमती सांगायच्या तर एक वकीलसाहेब होते. मे महिन्यात नागपुरात लोखंडाच्या कडीला हात लागला तरी चटका बसतो. उन्हाने बॅटरी लवकर म्हातारी होते, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला, पन्ह्याच्या बाटलीशेजारी. चार दिवसांनी आणला तेव्हा कीबोर्डातून पाणी ठिबकत होतं. "तुम्हीच म्हणाल्या थंड ठेवा," असं वर मलाच सुनावलं. दुसरे एक शिकवणीचे मास्तर. त्यांनी तीन वर्षांत चार्जर एकदाही काढला नव्हता. काढला की बॅटरी "वापरली जाते" म्हणायचे. दिवसरात्र भरलेली राहूनसुद्धा बॅटरी सडते हे त्यांना पटवताना माझा अर्धा दिवस गेला. गमती संपल्या.

बॅटरी म्हातारी होते तशी कधीकधी फुगते. आत वायू धरतो आणि सपाट पाकीट उशीसारखं होतं. अशी बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. मी हे पुस्तकात वाचून शिकले नाही. दुकान नवं असताना एक चिकटलेलं पाकीट मी पात्याने उचकटायला गेले. आधी स्स् असा आवाज झाला, मग गोडसर वास, नेलपॉलिशसारखा, आणि दुसऱ्या क्षणी टेबलावर जाळ. विझायला एक मिनिट लागलं असेल. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग अजून आहे. तेव्हापासून त्या गोड वासाची मला इतकी भीती बसली, की शेजारी कुणी नखं रंगवली तरी मी दचकते.

फुगवटा सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही. म्हणून माझ्या टेबलावर एक काच असते. बॅटरी काढायची, काचेवर ठेवायची आणि कोपऱ्याला बोट लावून हलकंच फिरवायची. सपाट असेल तर घासून जागीच थांबते. पोट आलेलं असेल तर गरकन फिरते. दोन सेकंदांचं काम. काचेवर फिरवल्याशिवाय एकाही बॅटरीला चिठ्ठी द्यायची नाही, हा माझा नियम. तो मी एकदा मोडला.

मे महिना होता. दुपारी दोनच्या सुमाराला काटोलहून श्रावणभाऊ आले. पन्नाशीचे, संत्र्याच्या बाजारात पेट्या भरण्याचं काम करणारे. माझ्याकडे पहिल्यांदाच आले होते. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला.

"ताई, हे पाहा ना. बेचाळीस दाखवते अन् भसकन बंद पडून जाते. लाइन गेली का डॉक्टर अर्ध्यातच गायब!"

त्यांच्या आईला फुप्फुसाचा आजार होता. नागपूरच्या रामदासपेठेतले डॉक्टर दर आठवड्याला लॅपटॉपवरून तिला पाहायचे, तिच्याशी बोलायचे. घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं आणि ते दिवसभर चालायचं.

"मायच्या खाटेजवळ एकच पॉइंट धड हाय," ते म्हणाले. "त्याच बोर्डावर तिचं मशीन, कूलर अन् हे. खाटेवरच ठेवतो मी, तिच्या पायाशी. तिले वाकाले जमत नाही ना."

हे सगळं मी ऐकलं. कानाने ऐकलं, डोक्यात घेतलं नाही. मी लॅपटॉपमध्ये बॅटरीचा आकडा पाहत होते. जुनी होती, पण अगदीच गेलेली नव्हती. पट्टी चुकत होती, म्हणजे कॅलिब्रेशनचं काम. आतली बॅटरी काढायची तर खाली अकरा स्क्रू, त्यातल्या एकाचं डोकं घासलेलं. श्रावणभाऊ घड्याळ पाहत होते.

"मले साडेतीनची बस पकडाची हाय ताई. माय एकटीच हाय घरी. शेजारीण बसली हाय, पण तिचेबी घरचे कामं हायत."

जाता जाता त्यांनी टचपॅडवर अंगठा दाबून दाखवला. "हे बी घट्ट होऊन राहिलं. दाबल्या जात नाही."

"धूळ बसली असेल," मी म्हणाले आणि पिवळी चिठ्ठी हातात दिली. "आज घरी गेल्या गेल्या लावा चार्जिंगले. शंभर झाल्यावरबी दोन तास काढू नका."

"नाही काढत," ते म्हणाले. चिठ्ठी घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात जपून ठेवली.

चारच्या सुमाराला मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडला. बॅटरी काढून काचेवर ठेवली, बोट लावलं. ती फिरली. गरगर फिरत काचेच्या कडेपर्यंत गेली. आणि मला श्रावणभाऊंचा अंगठा आठवला. टचपॅड. टचपॅडच्या बरोबर खाली बॅटरी असते. ती फुगली की खालून टचपॅडला रेटते, मग ते दाबलं जात नाही. हे मी शंभर लोकांना सांगितलंय. शिकाऊ माणसालासुद्धा पहिल्या दिवशी हेच सांगतात. आणि मी म्हणाले होते, धूळ.

मी फुगलेली बॅटरी काठोकाठ भरायला सांगितली होती. भरल्यावरही दोन तास तशीच ठेवायला सांगितली होती. खाटेवर, ऑक्सिजनच्या मशीनशेजारी, जिला वाकायलाही जमत नाही अशा बाईच्या पायाशी. ऑक्सिजनजवळ ठिणगी काय करते हे सांगायला नको. मी वहीतून नंबर काढून फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. आठ-दहा वेळा लावला. रस्त्यात फोनची बॅटरी संपली असेल, या विचाराने मला हसूही आलं आणि रडूही.

दुकानाला कुलूप लावलं आणि ऑटो करून बसस्टँडवर आले. काटोलची बस लागलेलीच होती. खिडकीशी बसले तेव्हा लक्षात आलं, कामावरचा ॲप्रन अंगावरच आहे आणि कमरेला पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, तसाच खोचलेला. शेजारच्या बाईने त्या पेचकसाकडे पाहिलं आणि जरा सरकून बसली.

त्या दीड तासाबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. डोक्यात नुसता हिशोब चालला होता. ते पाचला पोचतील. माणूस शब्दाला जागणारा, चप्पल काढायच्या आधी चार्जर लावेल. बेचाळीसपासून शंभरला दोन तास. म्हणजे सातला भरेल. मी सव्वासहाला पोचेन. पण फुगलेली बॅटरी शंभराची वाट पाहते असं कुणी सांगितलंय? कळमेश्वरला बस थांबली आणि ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी हसत बोलत उभा राहिला.

"भाऊ, चला ना जी! जीव अडकला हाय माणसाचा!" मी खिडकीतून ओरडले.

"कोन बिमार हाय का बाई?" त्याने विचारलं.

 आणि उत्तराची वाट न पाहता तो गाडीवर चढला. सगळ्या वाटेत मी दर पाच मिनिटांनी फोन लावत होते आणि बाहेर संत्र्याच्या बागांकडे पाहत होते. काटोलच्या दिशेला धूर दिसतो का, हे पाहत होते. वेडेपणाच तो. दहा कोसांवरून कुणाच्या घराचा धूर दिसतो?

काटोलला उतरले तर घराचा पत्ता नाही. वहीत मी नुसतं "श्रावणभाऊ, काटोल" लिहिलं होतं. फळबाजाराजवळ एक म्हातारी टरबुजं विकत बसली होती, तिला विचारलं, "पेट्या भरणारे श्रावणभाऊ कुठं राहतात जी? ज्यायच्या मायले ऑक्सिजन लागते."

"त्या मागच्या गल्लीत, निळं फाटक," ती म्हणाली. "काहून वं, काही झालं का तिले?"

मी धावत होते. साठीला टेकलेली बाई धावते म्हणजे काय, ते तुम्ही समजून घ्या. निळ्या फाटकापाशी पोचले तेव्हा आतून ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू आली. तो आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता.

खोलीत कूलर चालू होता. खाटेवर माय उशांना टेकून बसलेली, नाकाला नळी. पायाशी गोधडीची चौपदरी घडी आणि त्यावर लॅपटॉप. चार्जरचा दिवा लागलेला. स्क्रीनवर ब्याण्णव. टचपॅडची एक कड नखभर वर आली होती. श्रावणभाऊ चहा गाळत होते.

"अवो ताई? तुमी?"

मी आधी भिंतीतलं चार्जरचं बटण बंद केलं. लॅपटॉप बंद केला. खालून हात लावला तर इस्तरीइतका गरम. "भाऊ, अंगणात वाळू हाय का? लोखंडी घमेलं आना. आधी घमेलं!" इतकंच बोलले. मग दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून, तो मी उचलला. खाटेपासून दारापर्यंत सात-आठ पावलं असतील. त्या पावलांत मी श्वास घेतला नाही. घेतला असता तर वास आला असता, आणि वास आला असता तर माझ्या हातून तो तिथंच पडला असता.

शेजारी कुणाचं तरी बांधकाम चालू होतं. तिथल्या वाळूचं घमेलं श्रावणभाऊंनी अंगणाच्या मध्यात आणून ठेवलं. मी लॅपटॉप त्यात ठेवला आणि वरून वाळू ओतली. आम्ही दोघं लांब, फाटकाशी उभे राहिलो. थोड्या वेळाने आतून टक् असा आवाज झाला. टचपॅडची काच तडकली असणार. आणि मग तो वास आला, गोडसर. मी तिथंच फाटकाच्या पायरीवर बसले.

आग लागली नाही. लागली असती तर ती कुठं लागली असती, हे पायरीवर बसून मला स्पष्ट दिसत होतं.

श्रावणभाऊंना सगळं हळूहळू समजलं. म्हणजे अर्धं समजलं. बॅटरी फुगली होती, धोका होता, ताई धावत आल्या. त्यांनी हात जोडले. "देवासारख्या आल्या ताई तुमी. तुमी ते धूळ-धूळ म्हणत होत्या, पन मनात ठेवलं ना बरोबर!"

तिथंच मी बोलायला हवं होतं. देव-बिव काही नाही, तुमच्या आईच्या खाटेवर हे मीच ठेवायला लावलं, माझ्याच चिठ्ठीने, असं. तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला माझ्या दुकानाची, नावाची भीती वाटली. जिवाची भीती संपली होती ना, तिची जागा या भीतीने घेतली. मी तोंड मिटलं आणि त्यांनी दिलेला चहा प्यायले.

मायने मला जवळ बोलावलं. दोन शब्दांमध्ये दम लागत होता तिला. "काहून आली वं... इतक्या लांबून?"

"काटोललेच येनं होतं माय," मी म्हणाले. "एका लग्नाले. म्हटलं, पाहून जाऊ."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना नवी बॅटरी, नवं टचपॅड बसवून दिलं. आपल्या अंगावरचा डाग पुसला गेला, असं मला वाटलं.

वर्षभराने श्रावणभाऊ पुन्हा आले, चार्जर बदलून घ्यायला. माय बरी होती. निघताना आनंदाने म्हणाले, "ताई, तुमची चिठ्ठी मी झेरॉक्स काढून लय जनायले देली! प्लॅस्टिक मारून घेतली दुकानातून. बाजारात पाच-सहा जनायले, भाच्याले, अन् सावनेरच्या जावयानं त्याच्या कॉम्प्युटर क्लासात भिंतीवर लावली. दहा लॅपटॉप हायत त्याच्याकडे, सगळे जुनेच. म्हटलं, आपल्या ताईची चिठ्ठी हाय, पोरायच्या कामी येईन."

माझ्या हातातला चार्जर खाली पडला. त्या चिठ्ठीवर फुगवट्याबद्दल एक शब्दही नव्हता. तपासणी मी करायचे, काचेवर, म्हणून चिठ्ठीत लिहायची गरजच वाटली नव्हती. दहा म्हाताऱ्या बॅटऱ्या, एका खोलीत, मुलांच्या मांडीवर, काठोकाठ भरून. त्या क्षणी मी त्यांना सगळं सांगितलं. धूळ, अकरा स्क्रू, माझी घाई, लग्नाची थाप, सगळं.

श्रावणभाऊंनी पडलेला चार्जर उचलून टेबलावर ठेवला. मग एकच म्हणाले, "मंग ताई, त्याच दिवशी सांगितलं काहून नाही? म्या चिठ्ठ्या कायले वाटल्या असत्या?"

"आधी सावनेरले फोन लावा," मी म्हणाले. 

त्यांनी तिथूनच स्पीकरवर सावनेरला फोन लावला. जावयाने चिठ्ठी काढली, पण दहापैकी दोन लॅपटॉपची टचपॅड दाबली जात नव्हती, हेही सांगितलं. दोन्ही बंद करून अंगणात, वाळूत ठेवायला लावले. मग तो म्हणाला, "मामाजी, मी तर त्याचा फोटो काढून ग्रुपमध्ये टाकला होता. दोन-तीन ग्रुपमध्ये." तिथून पुढे ती कुठं गेली ते कुणालाच माहीत नाही.

मग श्रावणभाऊंनी घरी फोन केला, मायला सारं सांगितलं आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर आणि मायचा तुटक आवाज. ती हॅलोसुद्धा म्हणाली नाही.

"मले तवाच समजलं होतं वं पोरी," ती म्हणाली. "लग्नाले कोनी... पेचकस खोचून येत नाही." मग दम खाल्ला. "मी म्हटलं, सांगीन तिची ती. वर्स लावलं तू."

मी रडत होते. तिने थांबू दिलं आणि मग म्हणाली, "आता सगळ्यायले सांग."

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरी, दुकानात, शाळेत, फोनमध्ये कुठे माझी पिवळी चिठ्ठी असेल, खाली बर्डीच्या दुकानाचा शिक्का असलेली, तर ती फाडून टाका. आणि लॅपटॉप चार्जिंगला लावण्याआधी तो सपाट टेबलावर ठेवून पाहा, डुलतो का. झाकण नीट बसतं का पाहा. टचपॅड अंगठ्याने दाबून पाहा. दाबलं गेलं नाही, तर ती धूळ नसते.